आर्मलीची धूळ आणि कारखान्याची भिंत

इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या पश्चिम भागात आर्मली नावाची जुनी कामगारवस्ती आहे. पाठीला पाठ लावून बांधलेल्या विटांच्या घरांच्या रांगा, शेजारून जाणारा लीड्स-लिव्हरपूल कालवा आणि त्या कालव्याचेच नाव घेतलेला कॅनॉल रोड. या रस्त्यावर ‘मिडलँड वर्क्स’ नावाचा कारखाना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालला. मालक जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स ही कंपनी. १९२० साली ती टर्नर अँड न्यूऑल या उद्योगसमूहाचा भाग झाली. माल अ‍ॅस्बेस्टॉसचा. आधी रेल्वे इंजिनांच्या बॉयलरभोवती गुंडाळायच्या गाद्या, आणि १९३०च्या दशकापासून इमारतींच्या छतांवर आणि लोखंडी तुळयांवर फवारायचा ‘लिम्पेट’ नावाचा लेप. आग लागली तर सांगाडा वाकू नये, उष्णता आणि आवाज अडावा, यासाठी हा लेप जगभर विकला गेला.

कारखाना बंद होऊन साडेतीन दशके उलटल्यावर, २७ ऑक्टोबर १९९५ रोजी, न्यायमूर्ती हॉलंड यांनी या कंपनीला दोन आजारांसाठी जबाबदार धरले. पहिला आजार होता १९९१ साली वारलेल्या आर्थर मार्गरसन यांचा. दावा त्यांच्या पत्नीने चालवला. दुसरा होता जून हॅन्कॉक यांचा, ज्या निकालाच्या दिवशी हयात होत्या. दोघांनाही मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला होता. दोघांपैकी कुणीही त्या कारखान्यात कामाला नव्हते. लहानपणी ते कारखान्याच्या शेजारी राहत होते, एवढाच त्यांचा आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा संबंध.

त्यांचा दावा सिद्ध होण्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागणार होत्या. धूळ घातक आहे हे कंपनीला त्या मुलांच्या लहानपणीच कळायला हवे होते, ही एक. ती धूळ भिंतीबाहेर त्या मुलांपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचत होती, ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठी कागद भरपूर होते. दुसरीसाठी जवळजवळ नव्हतेच.

सरकारी दप्तर

सगळ्यात जुना कागद १८९८चा आहे. ब्रिटनच्या कारखाना निरीक्षक खात्यात तेव्हा थोड्या स्त्रिया नव्याने नेमल्या गेल्या होत्या, त्यांपैकी एक ल्यूसी डीन. त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात त्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल इशारा दिला. सूक्ष्मदर्शकाखाली या धुळीचे कण काचेसारखे, धारदार कडांचे दिसतात आणि ते श्वासातून आत गेल्याने अपाय झाल्याचे आढळते, असा त्यांच्या नोंदीचा आशय आहे. १९०६ साली डॉ. माँटेग्यू मरी यांनी औद्योगिक आजारांच्या भरपाईवर विचार करणाऱ्या सरकारी समितीपुढे आपल्या एका रुग्णाची हकिकत सांगितली. हा माणूस अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात धागा विंचरण्याच्या खोलीत काम करत होता. त्या खोलीतले त्याचे सगळे सोबती त्याच्याआधी गेले होते, असे त्यानेच डॉक्टरांना सांगितले होते.

या दोन कागदांवरून एवढेच ठरते की माहिती सरकारदरबारी होती आणि छापलेली होती. लीड्सच्या मालकांनी ती वाचली असे यावरून म्हणता येत नाही. पुढच्या दोन नोंदी मात्र त्यांच्या दाराशी येतात. १९२४ साली रॉचडेलमध्ये नेली कर्शॉ ही अ‍ॅस्बेस्टॉस कातणारी कामगार ३३व्या वर्षी वारली. तिचा कारखाना टर्नर अँड न्यूऑल समूहातलाच होता. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये टिपण छापले. कंपनीने भरपाई नाकारली. एकाला दिली तर पायंडा पडेल, ही भीती कंपनीच्या पत्रव्यवहारातच नोंदलेली आहे. म्हणजे प्रकरण वरिष्ठांपर्यंत पोचले होते आणि त्यांनी त्यावर विचार करून निर्णय घेतला होता. १९२७ साली डॉ. ग्रीव्ह यांनी एडिंबरा विद्यापीठाला एम.डी.चा प्रबंध सादर केला. विषय अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे या धुळीने फुप्फुस घट्ट होत जाण्याचा आजार. त्यांचे रुग्ण लीड्सच्या याच कारखान्याचे कामगार होते.

मग १९३०चा अहवाल. सरकारी वैद्यकीय निरीक्षक डॉ. मेरेवेदर आणि अभियंता प्राइस यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांची पाहणी केली. ३६३ कामगार तपासले. ९५ जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस निघाला. ज्यांची नोकरी २० वर्षांहून अधिक झाली होती त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. या अहवालातून १९३१चे अ‍ॅस्बेस्टॉस उद्योग नियम तयार झाले आणि १९३२च्या मार्चपासून ते अमलात येऊ लागले. नियम ठरवताना गृहखात्याने कारखानदारांना चर्चेला बसवले होते. इथून पुढे ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणण्याची सोय संपली. न्यायमूर्ती हॉलंड यांनी कंपनीला धोका कळायलाच हवा होता, यासाठी उशिरात उशिराचे वर्ष १९३३ धरले, ते या पार्श्वभूमीवर.

हे नियम बारकाईने वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. यंत्रांवर हवा ओढणारे पंखे बसवावेत आणि माणसे काम करतात त्या खोलीच्या हवेत धूळ सुटू देऊ नये, असा त्यांचा रोख आहे. इंजिनाच्या गाद्यांसाठी वेगळी तरतूद होती, कारण ते काम फार धुळीचे. अ‍ॅस्बेस्टॉसच्याच कापडाच्या पिशवीत सुटा तंतू भरायचा, शिवायचा, आणि गादी सारखी सपाट व्हावी म्हणून वरून बडवायची. रॉबर्ट्सच्या गाद्यांत दक्षिण आफ्रिकेतून येणारा निळा अ‍ॅस्बेस्टॉस वापरला जाई, आणि मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळा प्रकार सर्वांत घातक मानला जातो. नियमांच्या मजकुरात संरक्षण मिळते ते खोलीतल्या माणसाला. पंख्याने ओढलेली धूळ बाहेर पडल्यावर तिथल्या माणसांचे काय, हा प्रश्न त्या मजकुरात नाही. लीड्समध्ये पंख्यांची तोंडे रस्त्याकडे होती. खोली जितकी साफ, तितकी गल्ली मळकी, असा हा हिशेब होता.

१९३१ सालीच कामगारांच्या वैद्यकीय तपासणीची आणि भरपाईची योजनाही आली. कामगाराचे नाव, नोकरीची वर्षे, छातीची तपासणी, मंडळाचा निर्णय, या सगळ्याचा कागद तयार होऊ लागला. योजना अपुरी होती, तिच्या बाहेर राहिलेले कामगार बरेच होते. तरी दप्तरात कामगार आला. शेजारी आला नाही.

कंपनीचे दप्तर

टर्नर अँड न्यूऑलने आपले कागद फेकले नव्हते. ते बाहेर आले ते एका बँकेमुळे. न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेच्या मुख्यालयात लिम्पेटचा लेप फवारलेला होता. तो काढण्याच्या खर्चासाठी बँकेने १९८७ साली टर्नर अँड न्यूऑलवर दावा लावला. अमेरिकी न्यायव्यवस्थेत दाव्याशी संबंधित कागद प्रतिपक्षाला दाखवावे लागतात. बँकेच्या वकिलांनी मँचेस्टरला जाऊन कंपनीच्या दप्तराची मायक्रोफिल्म केली. एकूण पाने दहा लाखांच्या घरात गेली. बँक १९९५च्या डिसेंबरात दावा हरली, पण तोवर कागद इंग्लंडमधल्या आजाऱ्यांच्या वकिलांच्या उपयोगी पडले होते. पुढे इतिहासकार जेफ्री ट्वीडेल यांनी याच दप्तरावर २००० साली कंपनीचा सविस्तर इतिहास लिहिला.

एका धनाढ्य बँकेला आपल्या इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च वसूल करायचा होता, म्हणून आर्मलीच्या रहिवाशांना पुरावा मिळाला. बँकेकडे वकिलांचा ताफा पोसण्याइतका पैसा होता. गल्लीतल्या माणसाकडे नव्हता. कंपनी इंग्लंडमधला खटला कशी लढली यावरही न्यायमूर्ती हॉलंड यांनी निकालात कडक ताशेरे मारले. मिळेल त्या मार्गाने खेळ लांबवून दावेदारांना थकवायचे, असा तो पवित्रा होता असे त्यांचे मत पडले. मेसोथेलिओमाच्या रुग्णाला आयुष्य किती उरलेले असते हे पाहता या डावपेचाचा अर्थ स्पष्ट आहे.

या दप्तरातून कंपनीला काय ठाऊक होते ते कळते. रस्त्यावर किती धूळ होती ते कळत नाही. कारखाना आपल्या मालाचा हिशेब ठेवतो, मजुरीचा ठेवतो, विम्याचा ठेवतो. जे त्याच्या दृष्टीने फुकट गेले आणि ज्याचे पैसे कुणी मागितले नाहीत, त्याची वही नसते.

गल्लीची आठवण

धुळीची नोंद माणसांच्या डोक्यात होती. ती गोळा होण्याची सुरुवात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. ‘यॉर्कशायर इव्हनिंग पोस्ट’चे वार्ताहर रिचर्ड टेलर यांनी आर्मलीतल्या मेसोथेलिओमाच्या मृत्यूंचा माग काढायला घेतला, आणि मेलेली माणसे त्याच चार रस्त्यांवर राहिलेली निघू लागली. खासदार जॉन बॅटल यांनी विषय संसदेपर्यंत नेला. जुन्या घरांच्या माळ्यावर साठलेली निळसर धूळ सापडली. कारखाना कधीच बंद पडला होता, धूळ तिथेच होती.

न्यायालयात जुने रहिवासी आणि जुने कामगार साक्षीला आले. त्यांच्या सांगण्यात तपशील एकमेकांना पूरक होते. खिडक्यांच्या कट्ट्यांवर धुळीचा थर बसे. रस्त्यावर ती बर्फासारखी साचे आणि मुले तिचे गोळे करून एकमेकांना मारत. फरसबंदीवर साचलेल्या थरात रेघा ओढून पोरी लंगडीसारखे खेळ खेळत. कारखान्याच्या माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावर गोणपाटाच्या पोत्यांत कच्चा अ‍ॅस्बेस्टॉस येई. ती पोती मऊ असत, रचलेली असत, आणि शाळा सुटल्यावर मुले त्यांच्यावर उड्या मारत. पोत्यांच्या विणीतून तंतू सहज बाहेर पडे. हे सगळे चालू असताना आत, १९३२पासून, त्याच तंतूसाठी पंखे लावणे कायद्याने बंधनकारक होते.

साठ वर्षांपूर्वीच्या आठवणीवर किती विसंबायचे, हा प्रश्न इतिहासकारालाही पडतो आणि न्यायाधीशालाही. इथे तिची परीक्षा दोन बाजूंनी झाली. एकमेकांशी संबंध नसलेली माणसे एकाच जागेचे सारखे वर्णन करत होती, ही पहिली. कारखान्यातली स्थिती सरकारी अहवालांवरून स्वतंत्रपणे ठाऊक होती आणि धक्क्यावरचे वर्णन तिच्याशी जुळत होते, ही दुसरी. कागदांनी आतली धूळ सांगितली, साक्षींनी बाहेरची, आणि दोन्ही एकच निघाल्या. एकट्या कागदांवर हा दावा टिकला नसता, एकट्या आठवणींवरही नाही.

जून हॅन्कॉक यांच्या घरात हा आजार आधी येऊन गेला होता. त्यांच्या आई मेई गेल्डर १९८२ साली मेसोथेलिओमानेच वारल्या. १९९४ साली स्वतःचे निदान कळले तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे हे मुलीला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. दोघींच्या मृत्यूंमध्ये पंधरा वर्षांचे अंतर पडले. पण दोघींच्या श्वासात धूळ गेली ती एकाच काळात, एकाच गल्लीत. हा आजार तंतू आत गेल्यापासून दोन ते पाच दशकांनी उमटतो. म्हणूनच त्याचा इतिहास कारखाना चालू असताना लिहिला जात नाही.

निकाल कुठवर पोचला

कंपनीचा बचाव असा होता की मेसोथेलिओमा आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांचा संबंध १९६०पर्यंत वैद्यकालाच ठाऊक नव्हता, मग १९३०-४०च्या दशकांत तो आम्ही कसा ओळखावा? बचाव अगदीच पोकळ नव्हता. दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या प्रदेशातले ३३ रुग्ण डॉ. वॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० सालीच नोंदवले. न्यायालयाने मात्र प्रश्न वेगळा मांडला. नेमका कोणता आजार होईल हे कळणे आवश्यक नाही. या धुळीने फुप्फुसाला काहीतरी इजा होईल हे कळणे पुरेसे आहे, आणि ते कळत होते. काळजी घेण्याचे कर्तव्य कारखान्याच्या भिंतीपाशी संपते असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. बाहेरची स्थिती आतल्यासारखीच असेल तर कर्तव्यही तेच. १९९६च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने हा निकाल कायम केला. मार्गरसन यांच्या पत्नीला ५० हजार पौंड आणि जून हॅन्कॉक यांना ६५ हजार पौंड मंजूर झाले. जून हॅन्कॉक १९९७च्या जुलैमध्ये वारल्या.

बाहेरची स्थिती आतल्यासारखी असेल तर, या अटीतच निकालाची मर्यादाही आहे. कर्तव्य बाहेर आले ते जिथे धूळ आतल्याइतकी दाट होती तिथपर्यंतच, म्हणजे धक्का, पंख्यांची तोंडे आणि लगतचा रस्ता. चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला यातून थेट काही मिळाले नाही.

या निकालाशेजारी १९६५चा एक शोधनिबंध ठेवून पाहावा. डॉ. म्युरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन यांनी लंडन हॉस्पिटलमधल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांचे पूर्वायुष्य शोधले. ७६ जणांची हकिकत मिळाली. त्यांपैकी ३६ जणांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे काम कधी केले नव्हते आणि तसे काम करणारे कुणी त्यांच्या घरातही नव्हते. या ३६ जणांपैकी ११ जण कधी ना कधी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतर रुग्णांत असे ६७ पैकी फक्त ५ होते. आकडे लहान आहेत, पण फरक योगायोगाचा वाटावा इतका किरकोळ नाही. वैद्यकाने धोक्याची रेघ अर्ध्या मैलावर ओढली. तीस वर्षांनी न्यायालयाने ती काही पावलांवर ओढली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण एक शक्यता मोजते आणि दुसरे विशिष्ट माणसाबद्दल पुरावा मागते. मधल्या आठशे मीटरांत जे राहतात त्यांच्यासाठी आकडेवारी आहे, निवाडा नाही.

मुंबईचा धागा

टर्नर अँड न्यूऑल हे नाव मुंबईला परके नाही. समूहाच्या भारतीय कंपनीने १९३०च्या दशकात अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे बनवायला सुरुवात केली. मध्य प्रदेशातल्या कैमोरबरोबर मुलुंडलाही तिचा कारखाना होता. घाटकोपरला समूहाशी संबंधित कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकची अस्तरे होत. चाळींच्या, गोदामांच्या आणि झोपड्यांच्या छपरांवरचे करडे नालीदार पत्रे महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहेत.

आर्मलीचा निष्कर्ष उचलून मुलुंडवर ठेवता येत नाही. पत्र्यात तंतू साधारण दहावा हिस्सा, बाकी सिमेंट, आणि मिश्रण ओले असते. धूळ उठते ती पोती फोडताना, वाळलेले पत्रे कापताना आणि फुटक्या तुकड्यांच्या ढिगाऱ्यात. गादी बडवण्याच्या खोलीशी त्याची बरोबरी नाही. विचारायचे प्रश्न मात्र तेच राहतात: पोती कुठे उतरत, भंगार कुठे टाकले जाई, आणि त्या बाजूला कोण राहत होते?

आतल्या माणसांबद्दल मुंबईत नोंद झालेली आहे. डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतले १८१ कामगार तपासले. सुमारे २२ टक्के कामगारांना अ‍ॅस्बेस्टोसिस असल्याचे त्यांनी २००५ साली प्रसिद्ध केले. मेरेवेदर यांच्या १९३०च्या पाहणीत हे प्रमाण २६ टक्के होते. मध्ये पाऊण शतक गेले होते.

कायद्याच्या दप्तरातही १९९५ हे वर्ष भारताला महत्त्वाचे आहे. हॉलंड यांच्या निकालाच्या नऊ महिने आधी, २७ जानेवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आदेश दिला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपायची. आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये द्यायचे. आजार उशिरा उमटतो म्हणून कागदही उशिरापर्यंत टिकला पाहिजे, हे न्यायालयाने नीट ओळखले होते. त्याआधी, भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात ४१-ब हे कलम आले. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही द्यावी, असे त्यात म्हटले. १९३१च्या ब्रिटिश नियमांत जो नव्हता तो शेजारी इथे कायद्यात आला. पण तो माहिती घेणारा म्हणून आला. कामगाराच्या आरोग्याची वही ठेवण्याचा आदेश झाला. शेजाऱ्याची वही कुणी ठेवायची, हे कुठेच ठरले नाही.

ब्रिटनने १९९९ साली अ‍ॅस्बेस्टॉसचा उरलासुरला वापरही बंद केला. भारतात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आजही कायदेशीरपणे बनतात आणि विकले जातात. तेव्हा आर्मलीचा धडा आपल्याकडे अजून कामाचा आहे, आणि तो पुराव्याचा आहे. तिथे शेजाऱ्यांची बाजू टिकली ती तीन योगायोगांनी. कंपनीने कागद जपले होते, एका बँकेने ते स्वतःच्या गरजेसाठी उघडले, आणि धक्क्यावर खेळलेली मुले म्हातारी होऊन साक्ष देण्याइतकी जगली. पुढच्या वस्तीला यांतला एकही लाभेल याची खात्री नाही.

लागणारे कागद मात्र आपल्याकडे वेगवेगळ्या कपाटांत असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव आणि शाळेत आल्या-गेल्याची तारीख असते. महापालिकेच्या मृत्युनोंदीत पत्ता असतो, वैद्यकीय दाखल्यात कारण असते. कारखान्याच्या मंजूर नकाशावर धुराडे, पंखे, माल उतरवण्याची जागा आणि भंगाराचे आवार दाखवलेले असते. हे एकत्र मांडले तर कोण कधी कुठल्या धुळीजवळ राहत होते ते आठवणींवर न विसंबता सांगता येईल. हे काम महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या आवाक्यातले आहे. अट एकच, ते कारखाना चालू असतानाच सुरू झाले पाहिजे. एकदा कारखाना बंद होऊन जागा विकली गेली आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या, की नकाशा रद्दीत जातो आणि माणसे पांगतात. आजार त्यानंतर येतो.